गाडीचा धूर आणि पवनीचे पापड

एअर फिल्टरच्या झाकणावर दोन पंखांचा एक नट असतो. बोटांनी फिरवला की सुटतो, पान्याचीही गरज नाही. आयुष्यात स्वतःच्या हाताने उघडलेल्या पहिल्याच गाडीचा तो नट मी कार्बोरेटरच्या घशात पाडला. आतून टुण्णकन आवाज आला. बाबूजी शेजारीच बशीतून चहा पीत उभे होते. "काय पडलं गा?" त्यांनी विचारलं. "काही नाही, चेक करून राहिलो," मी म्हटलं. हे वाक्य मला डिप्लोमात कोणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप येतं. मग दुपारभर जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक दोरीला बांधून मी ते कार्बोरेटरमध्ये सोडत बसलो. आमच्याकडे विहिरीत बालटी पडली की गळ टाकतात, अगदी तसं. बाबूजींनी घरातून खुर्ची आणली आणि ते निवांत पाहत बसले. माय स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारायची, "निघाली का?" तिला वाटलं बालटीच पडली आहे. ऊन उतरता उतरता नट निघाला, आणि बाबूजी म्हणाले, "चला, पोट्ट्याची विद्या कामी आली."

आमचं घर करडीला. घराच्या मागच्या भिंतीला टेकूनच आमची राइस मिल होती. मिल म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचं छप्पर, एक पट्टा, एक मोटर आणि दिवसभर घडघड. ती घडघड थांबली की शेजारचे लोक विचारायला यायचे, सगळं ठीक आहे ना म्हणून. कोंडा आमच्या घरी सर्वव्यापी होता. अंथरुणात कोंडा, देव्हाऱ्यात कोंडा, लाखोळीच्या वरणावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जोडीला कोंडा. त्यामुळे गाडीच्या एअर फिल्टरमध्ये कोंडा सापडला यात माझं संशोधन काहीच नव्हतं. मी तो फिल्टर सतरंजीसारखा भिंतीवर आपटला, तेव्हा एका कोंबडीचं जेवण होईल एवढा माल निघाला. मला वाटलं रोग सापडला. गाडीला श्वासच घेता येत नव्हता, हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणून ती काळा धूर सोडते आहे. "मिक्श्चर रिच झालं होतं, बाबूजी," मी सांगितलं. रिच म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, "घरातली एक तरी वस्तू श्रीमंत निघाली."

गाडी कोणत्या कंपनीची होती ते मी सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता. गोल पाठीची, जुनी, चिखल्याच्या मँगनीज खाणीवरच्या एका ट्रकवाल्याकडून घेतलेली गाडी होती ती. पायपुसणी उचलली की खाली मँगनीजची काळी धूळ. त्यामुळे धूर सुरू झाला तेव्हा बाबूजींचं पहिलं निदान हेच होतं, की मँगनीज तिच्या पोटात गेलं आहे.

आता मायच्या पिशवीबद्दल सांगायला हवं. माय कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने जात नसे. तेराव्याला जायचं असो नाही तर बारशाला, तिच्याकडे कापडी पिशवी असायची आणि पिशवीत भंडाऱ्याचा पितळी डबा. डब्यात कधी सांबारवडी, कधी आयते म्हणजे तांदळाची धिरडी, कधी करंज्या. अन्न पायाशी ठेवायचं नाही हा तिचा नियम, म्हणून गाडीत पिशवी खाली ठेवायची सोय नव्हती. मांडीवर घेतली तर तेलाचा डाग लुगड्याला. मागे माझ्याकडे द्यावी तर पोचेपर्यंत डबा हलका व्हायचा, हा तिचा पूर्वानुभव. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे बाबूजींच्या शेजारी बसे आणि समोरच्या खुंटीला पिशवी अडकवून देई. उतरताना पिशवी काढी, पदर सावरी, आणि गाडीचं दार हळूच लावी. आम्ही लोक टिंगल करायचो, की माय गाडीत बसत नाही, गाडीच्या घरी पाहुणी जाते.

फिल्टर साफ करून झाला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही मोहाडीला एका लग्नाला निघालो. गाव सुटत नाही तोच मागे काळा ढग. पेट्रोलचा वास एवढा की बाबूजींनी विडी पेटवायला काढली ती परत खिशात ठेवली. इंजिन दमेकऱ्यासारखं गुरगुरत होतं. सायकलवरचा एक ओळखीचा माणूस धुरातून बाहेर येऊन ओरडला, "भाऊ, गाडीत भट्टी लावली काय?" बाबूजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग मी नेटाने मागे लागलो. तालुक्याच्या ठिकाणी राहून मोटारीचा डिप्लोमा केला होता, पुस्तकं घरात होती, आणि घरच्यांपुढे अब्रू पणाला लागली होती. प्लग काढले. चारही काजळी धरलेले. मायने एक हातात घेऊन बोटाने पुसून पाहिला आणि म्हणाली, "काजळ मात्र झ्याक आहे." फ्लोटची पातळी पाहिली, कारण तो नीट बसला नाही तर पेट्रोल नको तेवढं आत येतं. सुई पाहिली. जेट फुंकून पाहिले. कार्बोरेटरच्या तोंडावर एक झडप असते, तिला चोक म्हणतात. थंड गाडी सुरू करताना गाडीच्या आतलं बटण ओढलं की ती झडप हवेची वाट अडवते, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन पटकन पेटतं. गाडी तापली की बटण आत ढकलायचं आणि झडप उघडायची. विसरलं तर गाडी काळा धूर सोडते. या प्रश्नाला मला परीक्षेत पुरे गुण मिळाले होते, म्हणून ती झडपही मी नीट पाहिली. सताड उघडी होती. बाबूजी सकाळी चोक ओढायचे, गाडी सुरू झाली की आठवणीने आत ढकलायचे. या बाबतीत त्यांच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी तुमसरच्या रहमानभाई मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडावर धरला आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला लावलं. रुमाल पांढराच. गावाबाहेर चक्कर मारून आणली. धूर नाही, वास नाही. "भाऊ, गाडी तं एकदम फर्स्ट क्लास है," ते म्हणाले. "धूर कधी येते?" बाबूजींनी जरा विचार केला. "घरचे सारे बसले का येते." रहमानभाई म्हणाले, "मंग लोड का प्रॉब्लेम है."

हे वाक्य बाबूजींनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, ही त्यांची चूक. कारण मी असताना धूर येत नव्हता, बाबूजी असताना येत नव्हता, आम्ही दोघं आणि तीन पोती तांदूळ असताना येत नव्हता. उरलं कोण? माय ताटावरून उठली नाही, पण तिने तिसरी पोळी परत डब्यात ठेवली. मी, अक्कल ज्याला म्हणतात ती जरा जास्तच असल्यामुळे, शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. मायच्या जागेवर धानाचं पोतं बसवलं, दोरीने बांधलं आणि बाबूजींनी गाडी तलावाच्या पाळीपर्यंत नेऊन आणली. धुराची एक रेघ नाही. मग पोतं उतरवलं आणि मायला म्हटलं, आता तू बस. ती बसली, जाता जाता बहिणीला वड्या देऊन येते म्हणून पिशवी घेऊन बसली. पाळीपर्यंत जाईस्तोवर गाव काळं झालं. "पोत्याले काही नाही होत," बाबूजी म्हणाले, "तुलेच काहून होते?" यानंतर माय आठवडाभर दोघांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट असं ठेवायची की वरण स्वतःहून ताटाबाहेर यायचं.

पीयूसीचंही तसंच. भंडाऱ्याला टपरीतल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि लगेच कागद दिला. माय तेव्हा बाजारात बांगड्या पाहत होती. तिला घेऊन निघालो, आणि चौकात हवालदाराने हात दाखवला. बाबूजींनी शाई न वाळलेलं प्रमाणपत्र पुढे केलं. हवालदाराने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मागच्या ढगाकडे, आणि म्हणाला, "हा कागद कोन्या दुसऱ्या गाडीचा आहे बाप्पा." आज माझ्या गाडीत काही बिघडलं की समोर पिवळा दिवा लागतो, आणि दुकानातला मुलगा वायर लावून गाडीशी इंग्रजीत बोलतो. मला कौतुक आहे त्याचं. पण अशा दिव्याने आमच्या त्या गाडीचा रोग सांगितला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे.

अशात पवनीचं स्थळ आलं. मुलीचं नाव कुंदा, वडिलांचं पवनीला कापडाचं दुकान. तिचा फोटो आला होता. फोटोवाल्याने सरळ बसायला सांगितलं असावं, पण ती फोटोच्या चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी पाहून आता हसेल असं वाटत होतं. मी तो फोटो इंजिनच्या पुस्तकात ठेवला आणि त्या महिन्यात पुस्तक फार वाचलं. याआधी दोन ठिकाणांहून "कळवतो" असं उत्तर आलं होतं. आमच्याकडे कळवतो म्हटलं की लोक दुसरं स्थळ पाहायला लागतात. या वेळी मात्र कळवतो ऐकायची माझी तयारी नव्हती. मी बाबूजींना म्हटलं, आपण एसटीने जाऊ. ते म्हणाले, "मोटारीचं शिकलेला पोट्टा, अन् एस्टीनं जाऊ? का सांगाचं त्याइले?"

आम्ही येणार होतो चार वाजता. पण गाडी वाटेत बंद पडली तर, या भीतीने बाबूजींनी एवढ्या लवकर काढली की आम्ही ऐन उन्हात पवनीत पोचलो. अड्याळपासून मागे धुराची शेपटी होतीच. मुलीच्या घराच्या अंगणात दोन खाटा मांडलेल्या, त्यांवर पांढरी धोतरं, आणि धोतरांवर तांदळाचे पापड वाळत घातलेले. बाबूजींनी शहाणपणाने गाडी उलटी आत घेतली, म्हणजे निघताना त्रास नको. सायलेन्सर बरोबर पहिल्या खाटेकडे.

इतक्यात घरातून डोक्याला पंचा गुंडाळलेली, हातात कावळे हाकलायची काठी घेतलेली एक मुलगी धावत आली. "अवो, बंद करा ना ते चूल!" ती ओरडली. "पापड गेले सारे! कोण आहे, काहून आले?" बाबूजींनी गाडी बंद केली. धूर ओसरला. पहिल्या खाटेवरचे पापड नाचणीचे असावेत असे दिसत होते. मायने पिशवी काढली, पदर सावरला, उतरली आणि म्हणाली, "आमी करडीचे, माय. तुले पाहाले आलो." मुलीने काठी पाठीमागे लपवली. डोक्यावरचा पंचा मात्र ती विसरली. फोटोत जे हसू येता येता राहिलं होतं ते मी तिथे गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलं, आणि ते आमच्यावर होतं.

पुढचा कार्यक्रम रीतसर झाला. पोहे आले, मायच्या डब्यातल्या सांबारवड्या आत गेल्या. कुंदा हिरवं लुगडं नेसून आली आणि खाली पाहत बसली, पण खिडकीतून खाट दिसली की तिचा ओठ थरथरायचा. तिच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करते?" बाबूजी म्हणाले, "मोटारीचं शिकला. गाडीचा बिघाड काढते." यावर तिच्या वडिलांनी एकदा खिडकीबाहेरच्या खाटेकडे पाहिलं. सगळे चहा प्याले. मला त्या क्षणी गाडीच्या खाली जाऊन झोपावंसं वाटत होतं. तिथे निदान माझं काहीतरी काम होतं. निघताना तिचे वडील हात जोडून फार गोड आवाजात म्हणाले, "बरं मंग, कळवतो." मायने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची लेस बांधत बसलो, माझ्या पायात चप्पल होती तरी.

बाबूजींनी गाडी सुरू केली. इंजिन पाण्यासारखं शांत चाललं होतं. तिला नेमकं आत्ताच शहाणपण सुचलं, असं मला वाटून गेलं. पण वळवताना सायलेन्सर आता दुसऱ्या खाटेकडे आला होता, तिच्यावरचे पापड अजून पांढरे होते, आणि कुंदा पुन्हा काठी घेऊन तिथे राखणीला उभी होती. डबा रिकामा परत देत नाहीत, म्हणून तिच्या आईने त्यात रव्याचे लाडू भरून पाठवले होते. ती पिशवी कुंदाने खिडकीतून मायला दिली. मायने समोरची खुंटी बाहेर ओढली आणि पिशवी तिला अडकवली. इंजिन गुरगुरलं. मागे काळा भपकारा.

"काकू, थांबा," कुंदा म्हणाली. तिने एकदा मागे पाहिलं, एकदा पिशवीकडे. मग खिडकीतून हात घालून पिशवी काढून घेतली. मायने सवयीने खुंटी आत ढकलली. तिला काही बाहेर आलेलं ठेवणं आवडत नसे. इंजिन शांत. धूर विरळ झाला आणि थांबला. कुंदाने पिशवी परत पुढे केली. मायने तिच्यासाठी खुंटी पुन्हा ओढून दिली. भपकारा. पिशवी काढली, खुंटी आत, धूर बंद. मी मागच्या सीटवर होतो, दोन माणसांच्या मधून मला सगळं दिसत होतं, आणि इतके महिने गाडीच्या पोटात शोधलेली गोष्ट मायच्या हातात दिसत होती.

कुंदाने पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "काकू, डबा राहू द्या इथंच. मी घेऊन येईन."

तिच्या आईने दाराची चौकट धरली. मायने खिडकीतून हात काढला, तिच्या गालावरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली. बाबूजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून नमस्कार केला, क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. तिचे वडील म्हणाले, "आता मी काय कळवू? पोरीनंच कळवलं."

परतीच्या वाटेवर अड्याळ मागे पडलं तरी आरशात स्वच्छ रस्ता दिसत होता. मी पुढे वाकून विचारलं, "माय, हे बटण...?" "बटण कायचं? खुंटी आहे," माय म्हणाली. "ओढली का बाहेर येते, काम झालं का आत जाते. गाडीवाल्यानं मोठ्या डोक्यानं केली." बाबूजींनी गाडी एका मोहाच्या झाडाखाली थांबवली. रोज सकाळी ते जे बटण चोक म्हणून ओढायचे, ते प्रवासभर पिशवीखाली झाकलेलं असायचं, आणि गाडी चालवताना त्यांनी कधी मान वळवली नव्हती. त्यांनी खुंटी एकदा ओढून पाहिली, एकदा आत ढकलली. "म्हणजे पोतं खरं बोलून राहिलं होतं," ते म्हणाले. "अन् माझ्या वजनाचं?" मायने विचारलं. बाबूजींनी कानाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्याला पितळेचा एक वेगळा आकडा स्क्रूने बसवला, आणि त्या आकड्याला मायच्या डब्याशिवाय कधीच काही अडकलं नाही.

कुंदा तो डबा घेऊन आली, लग्न होऊन आली. लाडू अर्थातच पवनीतच संपले होते. तिने नवे करून भरले. तेव्हापासून ही गोष्ट मी नातेवाइकांत इतक्यांदा सांगितली आहे की आता पोरं माझ्या आधी शेवट सांगतात: साऱ्या अंगणादेखत, बापाला न विचारता, एका मुलीने माझ्यासाठी होकार दिला. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी ते तिला वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती. शेवटी मी कागद खाली ठेवला आणि जरा हळव्या आवाजात विचारलं, "तू तेव्हाच ठरवलं होतं ना?"

"कायचं ठरवलं?" कुंदा म्हणाली. "दुसऱ्या खाटेवरचे पापड वाचवाचे होते मले. भंडाऱ्याले मामाच्या इथं जाणंच होतं, मंग तिथून करडीले डबा देऊन आली असती. पण तुमी सारे असे पाहून राहिले होते, का नाही म्हणणं जिवावर आलं."